मनगटाला पेलेल असा कॅमेरा

कडा
१८ नोव्हेंबर २०२४

दादा,

आई परवा तुला भेटून बीडहून आली. म्हणाली, जाळीच्या अलीकडून आणि पलीकडून सगळे एकदम ओरडतात, त्यात अभिमन्यूचं अर्धं बोलणं कळलंच नाही. तू बारीक झालायस आणि दाढी वाढवलीयस, एवढं तिला दिसलं. म्हणून लिहूनच विचारते. आसाराम वकील म्हणाले की पत्र तुझ्या हातात पडायच्या आधी तिथले लोक वाचतात. वाचू देत. कामाचंच लिहायचंय.

तुळशीची लग्नं लागली आणि फोन सुरू झाले. तुला फेब्रुवारीत धरून नेलं तेव्हापासून स्टुडिओचं शटर खालीच होतं. आईच्या मनात ते विकून टाकायचं होतं. मी गेल्या गुरुवारी उघडलं, झाडून काढलं, आणि पहिल्याच दिवशी कारखान्यातले मोहनराव आले. त्यांच्या तेजश्रीचं लग्न डिसेंबरअखेर आहे. म्हणाले, तुझ्या भावानं काय केलं ते सगळ्यांना माहीत आहे, पण तुझं काम मी बघितलंय, तूच ये. मी हो म्हणून बसले. मग आठवलं की माझ्याकडे कॅमेराच नाही.

आपला कॅमेरा आणि मोठी लेन्स मुद्देमालात जमा आहे. खटला संपेपर्यंत मिळायची नाही. खरं सांगू? उद्या दिली तरी मी ती हातात धरणार नाही. वरातीत ज्यानं परमेश्वरचा डोळा गेला तो कॅमेरा घेऊन मी कुणाच्या नवरीसमोर उभी राहू?

नगरला जाऊन आले. दुकानदारानं दोन पुढे ठेवले. एक फुल फ्रेम डीएसएलआर, वापरलेला पण नीट ठेवलेला. आपल्या उरलेल्या दोन्ही लेन्स त्याला बसतात. दुसरा मिररलेस, म्हणजे आत आरसाच नाही, तोही फुल फ्रेम, नवा कोरा. बराच हलका आहे. फोटो कसा येणार ते बटण दाबायच्या आधीच डोळ्याला लावायच्या खिडकीत दिसतं, आणि माणसाचा डोळा तो स्वतःच शोधून धरतो. पण आपल्या लेन्सला मधे एक जोड लावावा लागेल आणि बॅटरी लवकर संपते म्हणे. माझ्या मनगटाचं प्लास्टर कधीच निघालं, तरी थंडीत सळका येतात. जड काही तासभर धरलं की बोटं उघडत नाहीत.

मला हे काम तूच शिकवलंस. तूच सांग, कोणता घेऊ?

शिवकन्या


बीड
२ डिसेंबर २०२४

शिवकन्या,

तुझं पत्र आलं आन् लई दिवसांनी मी कामाचं काहीतरी वाचलं. इथं ज्याच्या त्याच्या तोंडी जामीन आन् तारीख. कॅमेऱ्याचं कुणाला सांगावं?

डीएसएलआर घे. दुसरा इचार करू नको. आरशातून जे दिसतं ते खरं दिसतं. समोरचा उजेड काचेतून थेट तुझ्या डोळ्यात येतो. मिररलेसमधी तू टीव्ही बघत असतीस. बॅटरीचं तर बोलूच नको, माझा कॅमेरा एका बॅटरीवर हळदीपासून पाठवणीपर्यंत चालायचा. लेन्स बदलताना मिररलेसचं सेन्सर उघडं पडतं, आन् आपल्याकडं वरातीत गुलाल कमी उधळतेत का धूळ कमी असती? आन् दणकट लागतो. माझा एकदा चालत्या ट्रॅक्टरवरून पडलता, उचलून पुढचा फोटू काढला. वापरलेला घेताना त्याचे किती फोटू झालेत ते कॉम्प्युटरला लावून बघायला लाव. दुकानदार सांगतो त्यावर जाऊ नको. आन् एक, गिऱ्हाईकाला तुझ्या हातात मोठा कॅमेरा दिसला पाहिजे. बारका डबा बघून लोक म्हणतेत, असला तर आमच्या पोराकडं बी हाय.

मनगटाचं वाचून डोकं भणाणलं. त्याच हरामखोराचं काम. त्यानं तुझा हात पिरगाळला, तू वरडलीस, म्हणून मी कॅमेरा उचलला. वकिलाला मी पहिल्या दिवसापासून हेच सांगितलंय. तुझा एक्स-रे हाय, दवाखान्याचा कागद हाय. साक्षीला उभी राहिलीस की तेवढंच सांगायचं. भावानं बहिणीसाठी हात उचलला म्हणल्यावर जज बी माणूसच हाय.

आईला म्हणावं, स्टुडिओ इकायचं नाव काढायचं न्हाई. मी येणार हाय.

अभिमन्यू


कडा
९ जानेवारी २०२५

दादा,

तेजश्रीचं लग्न झालं. तुझं ऐकून आष्टीहून डीएसएलआर भाड्यानं आणला होता. फोटो चांगले आले, मोहनराव खूश आहेत. पण अंतरपाट धरायच्या वेळेपर्यंत माझा उजवा हात गेला होता. डाव्या हातानं लेन्सखाली आधार देऊन कसंबसं निभावलं.

त्यानंतर जे झालं ते आई तुला सांगणार नाही, म्हणून मी सांगते.

३० तारखेला, सोमवारी, भर दुपारी तिघं दुकानात आले. दोघांनी तोंडाला रुमाल बांधले होते. तिसरा परमेश्वरचा चुलतभाऊ, विजयसिंह, तोंड उघडं ठेवूनच आला. हातात लोखंडी नळी होती. आधी काउंटरची काच फोडली, मग कॉम्प्युटर, मग तू पुण्याहून आणलेले दोन्ही मोठे लाईट. मी ओरडत होते. विजयसिंहनं माझे केस मुठीत धरले आणि माझं तोंड भिंतीवरच्या फ्रेमवर आपटलं. पहिल्यांदा काच फुटली नाही, म्हणून परत आपटलं. मग कानाशी तोंड आणून म्हणाला, "आमचा एक डोळा गेलाय. तुझ्या घरातला एक आम्हाला पाहिजे. कुणाचा, ते तुझ्या भावाला ठरवू दे."

जाताना पडद्याला काडी लावली. निळा पडदा, ज्याच्यापुढे अर्ध्या तालुक्याचे पासपोर्ट फोटो निघाले. आग मीच चपलेनं झोडून विझवली. डोळ्यात रक्त उतरत होतं, त्यामुळे कुठे पेटलंय ते नीट दिसत नव्हतं. बाहेर रसवंतीवाला होता, मोबाईलवाला होता, बरेच जण होते. एकही आत आला नाही. दोघं-तिघं मोबाईल धरून शूटिंग करत होते.

भुवईला टाके पडले. डोळा वाचला. मी तक्रार दिली, पोलिसांनी विजयसिंहला उचललं, आणि तो जामिनावर सुटलाही. रोज दुकानासमोरून गाडीवरून जातो. हळू जातो.

कॅमेरा अजून घेतलेला नाही. दुकान मात्र उघडं आहे. साक्षीचं नंतर बोलू.

शिवकन्या


बीड
२४ जानेवारी २०२५

शिवकन्या,

तुझं पत्र मला बराकीत मिळालं. वाचून व्हायच्या आत शेजारचा एकजण पत्रात डोकावून म्हणला, बहिणीला बी हानलं वाटतं. हसून म्हणला. मी त्याचं डोकं धरून फरशीवर आपटलं. त्याचे पुढचे दात गेले. लोकांनी वडून काढलं तवा माझ्या हातात त्याच्या कानाचं रक्त व्हतं. आता मला येगळं ठिवलंय. वकील म्हणतो, आता जामिनाचं इसरा.

मला त्याचं काय वाटत न्हाई. फक्त तो इजयसिंह न्हवता एवढंच वाईट वाटतं. मी बाहेर आलो की पहिलं काम तेच. कुणाला वाचायचं ते वाचू दे, मी लिहितोय.

तुला मी सांगत व्हतो दणकट कॅमेरा घे म्हणून. नुसता फोटूपुरता न्हाई. अंगावर कुणी आलं तर हातात वजन पाहिजे. मिररलेसनं तू माशी बी मारू शकणार न्हाईस.

साक्षीचं नंतर कावून? आताच बोल. त्या परमेश्वरनं तुझं मनगट मोडलं. आता त्याच्या भावानं तुझं तोंड फोडलं. ज्यांनी तुला एवढं केलं त्यांच्या बाजूनं तू बोलणार हायेस का? एक वाक्य सांगायचंय. त्या एका वाक्यावर माझी दहा वर्षं हायेत.

अभिमन्यू


कडा
६ एप्रिल २०२५

दादा,

उत्तराला उशीर झाला. मला काय लिहायचं ते माहीत होतं, कसं ते कळत नव्हतं. गुरुवारी जे घडलं त्यानंतर ते सोपं झालं.

मी मिररलेस घेतला. गुरुवारी सकाळी त्याच्यावर पासपोर्ट फोटोचं काम करत होते. दारात सावली पडली. परमेश्वर होता. सोबत त्याची आई, साखराबाई. मी आधी कात्री हातात घेतली. साखराबाई म्हणाल्या, ठेव ती, भांडायला आलो नाही, फोटो काढायचाय. अपंगाच्या दाखल्याला लागतो.

मी विचारलं, कड्यात दुसरे स्टुडिओ आहेत, इथेच का? त्या म्हणाल्या, "तुझ्या भावानं केलेलं तू जवळून बघावंस म्हणून."

परमेश्वर स्टुलावर बसला. त्यानं काळा चष्मा काढला. दादा, तू तो चेहरा त्या दिवसानंतर पाहिलेला नाहीस. डावा डोळा शिवून बंद केलाय. गालाचं हाड आत बसलंय, त्यामुळे तोंड एका बाजूला ओढल्यासारखं दिसतं. मी कॅमेरा डोळ्याला लावला. त्या कॅमेऱ्यात माणसाच्या डोळ्यावर एक छोटी चौकट येते. ती उजव्या डोळ्यावर बसली, मग डावीकडे सरकली, तिथे थोडी भिरभिरली आणि परत उजवीकडे आली. दर खेपेला तसंच. माझ्यानं बटण दाबवेना.

तो कारखान्याचा ट्रॅक्टर चालवायचा. आता लायसन गेलं. आईच्या हाताला धरून रस्ता ओलांडतो, कारण डावीकडून येणारं त्याला दिसत नाही. विजयसिंहनं माझ्या दुकानात केलं ते त्याला नंतर कळलं, असं म्हणाला. मी विश्वास ठेवला असं नाही. मग फोटो झाल्यावर चष्मा घालता घालता त्यानं विचारलं, "मी त्या दिवशी पिलेलो होतो. तुझ्या भावाला शिव्या दिल्या, कॅमेऱ्याचा पट्टा ओढला, तेवढं मला आठवतं. कोर्टात म्हणतात, मी तुला हात लावला. लावला होता का? तू सांग. मला खरंच आठवत नाही."

साखराबाई माझ्याकडे बघत होत्या. मी हो म्हणाले असते तर त्या माणसानं ते मान्य केलं असतं, दादा. त्याच्या तोंडावर दिसत होतं.

मी म्हणाले, नाही लावला.

आता तुला सांगते, कारण तू ते विसरलायस किंवा विसरायचं ठरवलंयस. नवरदेवाची वरात मारुतीला निघाली होती, अंधारून आलं होतं. तू फोटो काढत होतास आणि मी लाईट धरून तुझ्या मागे होते. परमेश्वर नाचता नाचता मधे आला, तू त्याला बाजूला लोटलंस, त्यानं शिवी देऊन कॅमेऱ्याचा पट्टा ओढला. तू लेन्स धरून कॅमेऱ्याचा कोपरा त्याच्या तोंडात मारलास. तो गुडघ्यावर बसला. तिथेच संपलं असतं. त्याचे दोन्ही हात जमिनीवर होते. पण तू त्याला लाथेनं उताणा पाडलंस, छातीवर बसलास आणि मारत राहिलास. आवाज आधी कोरडा येत होता, मग ओला यायला लागला. डीजे चालू होता, मागच्यांना वाटलं तुम्ही नाचताय. मी लाईट फेकून दिला आणि मागून तुझी बाही धरली, दादा सोड म्हणाले. तू वळून न बघता कॅमेऱ्यासकट हात मागे झटकलास. माझं मनगट तेव्हा मोडलं. माझ्याच कानांनी मी ते मोडलेलं ऐकलं. आणि तू पुन्हा पुढे वळून मारायला लागलास.

माझं मनगट तू मोडलंस. दुसऱ्या कुणी नाही.

दवाखान्यात मी डॉक्टरांना पडले म्हणून सांगितलं. आईला तेच सांगितलं. इतके दिवस तुला वाचवत होते. पण कोर्टात माझ्याच मोडक्या हातावर उभं राहून खोटं सांगायचं, हे मला जमणार नाही. मी कोर्टात जे पाहिलं ते सांगणार. त्यानं पट्टा ओढला, शिव्या दिल्या, तेही सांगणार.

तू म्हणायचास, बटण दाबताच आतला आरसा वर उचलला जातो तेवढा वेळ फोटो काढणाऱ्याला काही दिसत नाही, नेमका तोच क्षण आपल्याला दिसत नाही. तुझं त्या दिवशी तसं झालं असेल. मला मात्र सगळं दिसलं.

शिवकन्या


बीड
१९ एप्रिल २०२५

शिवकन्या,

खोटं. सगळं खोटं. तुला त्या म्हातारीनं पढवलंय न्हाईतर त्यांनी घाबरवलंय. मी तुला हात लावीन का? लहानपणी तुला खांद्यावर बसवून जत्रेला नेलं, बारावीनंतर सगळे लगीन लावा म्हणत व्हते तवा हातात कॅमेरा दिला. त्याचं हे फळ.

साक्षीत असलं काही बोललीस तर मला बहीण न्हाई. आन् मी जन्मभर आत राहणार न्हाई, हे ध्यानात ठिव. मिररलेस घेतलास ना, घे. जपून वापर.

परत पत्र टाकू नको.

अभिमन्यू


कडा
१२ सप्टेंबर २०२५

दादा,

पत्र टाकू नको म्हणालास, तरी टाकते. तुझं "ध्यानात ठिव" मी ध्यानात ठेवलंय. ते पत्र मी वकिलाला दाखवलं नाही, पोलिसालाही नाही. जपून ठेवलंय.

साक्षीच्या वेळी तू मागच्या बाकावर दोन पोलिसांच्या मधे होतास. मी काय बोलले ते तू ऐकलंस. आसाराम वकिलांनी एक्स-रे नाचवत मला उलटसुलट विचारलं, तुम्ही आधी पडले म्हणालात, आता भाऊ म्हणता, उद्या काय म्हणाल? मी सांगितलं, उद्याही हेच म्हणेन. तेव्हा तू मान खाली घातलीस. रागानं घातलीस की कशानं, ते मला लांबून कळलं नाही.

त्यानंतरचं तू पाहिलं नाहीस. कोर्टाच्या आवारात आईनं मला मारलं. चपलेनं. तोंडावर, डोक्यावर, भुवईच्या जुन्या जखमेवर. लोक जमले. आई म्हणत होती, एकुलता एक पोरगा तू खाल्लास. मी हात वर केला नाही. एका महिला पोलिसानं तिला धरलं. मग आम्ही दोघी एकाच एसटीनं कड्याला आलो, वेगवेगळ्या सीटवर. माझी ओढणी रक्तानं भरली होती. आष्टीच्या पुढे आईनं तिच्या पिशवीतली पाण्याची बाटली मागे दिली, माझ्याकडे न बघता. अजून ती माझ्याशी बोलत नाही, पण रोज डबा भरून दुकानाच्या पायरीवर ठेवून जाते.

परमेश्वरची माणसं आता दुकानासमोर येत नाहीत. मी काही त्यांच्यासाठी साक्ष दिली नव्हती. विजयसिंहवरची केस मी मागे घेतलेली नाही. साखराबाई येऊन गेल्या, म्हणाल्या, आता मिटवून टाक. मी नाही म्हणाले. त्यालाही माझ्या तोंडाचा जबाब द्यावा लागेल.

आता मुख्य गोष्ट. निकाल काय लागेल ते लागो, एक दिवस तू सुटशील. घर तुझं आहे. आईकडे ये, जेव, झोप. मी तुला ताट वाढीन. पण स्टुडिओत यायचं नाही. काम बघायलाही नाही, बसायलाही नाही. तिथे आता आतून कडी लागते आणि दारावर कॅमेरा आहे. माझ्या दुकानात कुणी हात उचलला, मग तो विजयसिंह असो की माझा सख्खा भाऊ, मी त्याच दिवशी पोलिसात जाईन. तुला हे कडू लागेल. मलाही लागलं, तरी लिहिलं.

शिवकन्या


हर्सूल
२५ जानेवारी २०२६

शिवकन्या,

निकाल तुला माहीतच हाय. सात वर्षं. आत काढलेली वजा व्हतील. बीडहून हिकडं मोठ्या जेलात आणलं.

निकालाच्या दिवशी घसा फोडून तुला शिव्या द्यायच्या असं मी ठरवून आलतो. तू आलीच न्हाईस. आई एकटी भिंतीला टेकून उभी व्हती. मग इथं आल्यावर दोन महिने तुझी जुनी पत्रं वाचत बसलो.

तुझ्या एप्रिलच्या पत्रातलं एक मला सोडंना. बाही धरल्याचं. मला बाही आठवती. कुणीतरी मागून वडलं, मी झटकलं. मला वाटलं त्याची माणसं. बघितलं न्हाई. तू वरडली असशील. ते बी ऐकू आलं न्हाई. पण हाताला काहीतरी लागलं हे हाताला आठवतंय. मी किती बी न्हाई म्हणलो तरी त्या हाताला ठावं हाय.

माफी कशी मागतेत मला म्हाईत न्हाई. परमेश्वरला तर मी काय तोंडानं मागू? त्याची आई त्याला रस्ता पार करून देती हे मी लई येळा वाचलं.

तू दुकानात येऊ नको म्हणलीस. वाचलं तवा पत्र फाडायला घेतलं व्हतं. फाडलं न्हाई. ते दुकान मी उभं केलं, त्याची फरशी मी बसवली, पण आता ते तू चालवतीस. तुझं हाय. मी येणार न्हाई.

मला धरून नेलं तवा खिशातलं सगळं जमा करून घेतलं व्हतं. पाकीट, पट्टा, घड्याळ आन् शटरची माझ्याकडली किल्ली. इथं आणताना ते सामान बी माझ्यासंगं आलं. परवा आई भेटाया आली तवा अर्ज करून मी ती किल्ली तिच्या हाती दिली. तुझ्याशी बोलत न्हाई म्हणली, पण किल्ली पोचवीन म्हणली. कुलूप बदलाया जाऊ नको, चांगलं हाय. त्याची दुसरी किल्ली आता कुणाकडं न्हाई.

अभिमन्यू